अकरा पेरांचं औषध

भाईंदर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९४१
(इंग्रजी तारीख तूच बघून घे. आमच्या घरातलं कॅलेंडर द्वारकाच्या खोलीत टांगलेलं आहे.)

चि. बाळाराम यास चांगुणाताईचे भरपूर आशीर्वाद. त्यातले निम्मे भावजयबाईंना दे, सगळे एकटाच घेऊ नकोस. तुझा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध तोंडात धर म्हणून मागे लिहिलं होतं, ते केलंस की नेहमीप्रमाणे हो म्हणून गप्प बसलास? भावजयबाईंच्या कमरेला तेल लावायला कोणी आहे का? इकडे आम्ही सगळी सुखरूप आहोत. हा शब्द मी आज लिहू शकते आहे, पंधरा दिवसांपूर्वी लिहिला असता तर खोटा ठरला असता. मधल्या दिवसांत या घरात जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात अन्न ठरायचं नाही. तुझ्या दाजींना सांगून उपयोग नाही, कारण त्यात ते स्वतःच अडकलेले आहेत. शेजारी सांगावं तर संध्याकाळपर्यंत राई-मुर्ध्याच्या गावांपर्यंत पोचेल. म्हणून तुला लिहिते. सावकाश बसून वाच, आणि हसायचं असेल तिथे हस, पण भावजयबाईंना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

आमच्या धाकट्या जावेला, द्वारकाला, तू लग्नात बघितलंच आहेस. (तू तिच्याकडे बघून "ताई, तुमच्याकडे शिकलेली सून आली की गं!" म्हणाला होतास. मी ते विसरलेले नाही.) वसईची मुलगी, इंग्रजी चार यत्ता झालेली. तिच्याबद्दल माझ्या मनात काडीचंही वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिचा भात चिकट होतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही, मीही ठेवत नाही. ती झाडलोट करते तेव्हा दाराआडचा कोपरा तसाच राहतो, तो मी गुपचूप झाडते. एकोणीस वर्षांत माझ्या भाताला या घरात कोणी छान म्हटलं नाही, तिच्या चिकट भाताला धर्माभावोजी "मऊ झालाय" म्हणतात. म्हणोत. बायको त्यांची आहे. माझं म्हणणं फक्त सासूबाईंपुरतं आहे.

तुला ठाऊक आहे, सासूबाईंचं औषधपाणी मी या घरात आल्यापासून बघत आले. त्यांचा एक विचित्र नेम आहे. औषध पुढे केलं की त्या तोंड मिटून घेतात आणि आधी त्याचं नाव विचारतात. नाव सांगितलं, बाटलीचा वास घेतला, की मगच आ करतात. आजवर ते अवघड नव्हतं. एरंडेलाला एरंडेल म्हणायचं, क्विनाइनला क्विनाइन म्हणायचं, ओव्याच्या अर्काचा तर वासच माजघरापर्यंत येतो. सून म्हणून मला बाकी काही मान मिळाला नसेल, पण सासूबाईंच्या उशाशी बसायचा पाट माझा होता. तो पाट गेला, आणि कशाने गेला म्हणशील तर एका कालवाच्या शिंपेने.

पावसाळा संपून आमच्या मिठागराच्या वाफ्यांचा तळ तुडवायचं काम निघालं, की सासूबाई बांधावर उभ्या राहून देखरेख करतात. पासष्टी उलटली तरी करतात. यंदा एका गड्याची तुडवणी त्यांच्या मनाला येईना, म्हणून लुगडं वर खोचून स्वतःच चिखलात उतरल्या आणि शिंप तळपायात घुसली. तिसऱ्या दिवशी पाऊल लालभडक, घोट्यापर्यंत तकाकी, आणि अंगात ताप. डॉक्टर आले, धावरं आहे, म्हणजे पसरत चढणारी लाल सूज, म्हणाले, आणि नव्या औषधाच्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली देऊन गेले. दिवसातून चार वेळा, असे दहा दिवस, आणि मध्ये खंड पडला तर लाली गुडघ्याच्या वर चढेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही, असं मला, म्हणजे थोरल्या सुनेला, दारात बजावून सांगितलं. एवढी जोखीम माझ्यावर टाकून डॉक्टर गेले, मी गोळी घेऊन उशाशी बसले, सासूबाईंनी तोंड मिटून नाव विचारलं, आणि मी बाटली उलटसुलट फिरवत बसले. गोळीला वास नाही, रंग नाही, आणि बाटलीवर मुंग्यांची रांग लागावी तसं इंग्रजी.

मागून द्वारका पदर सावरत आली, माझ्या हातातून बाटली घेतली (घेतली म्हणजे अगदी विचारून घेतली, तीच तर तिची खोड आहे, रागवायला जागा ठेवत नाही), एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पॅराअमिनोबेन्झीनसल्फोनामाइड." एका दमात, कुठेही न अडखळता. धर्माभावोजी तर बायकोने आत्ताच समुद्र पोहून पार केला अशा तोंडाने बघत होते. सासूबाईंनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, जरा सावकाश, आणि मी बघितलं की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतो आहे. मिठाच्या टोपल्या मोजायची त्यांची जुनी सवय तुला माहीत आहे, चार बोटांची बारा पेरं, झाली की एक गाठ. पॅ एक पेर, रा दुसरं, अ तिसरं, असं करत माइडला अंगठा अकराव्या पेरावर आला. बाराव्या पेरावर त्यांनी आ केला आणि गोळी गिळली.

झालं. त्या दिवसापासून पाच दिवस, दिवसातून चार वेळा हा सोहळा. औषधाची वेळ झाली की शेजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या, विरजण मागायला म्हणून यायच्या आणि नाव ऐकून विरजण न घेताच जायच्या. द्वारका म्हणायची, सासूबाई पेरं मोजायच्या, बायका तोंडात बोट घालायच्या, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. बाळाराम, तुला खरं सांगते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा तर पाणी मुद्दाम थोडं गरम आणून दिलं. सासूबाई म्हणाल्या, घशाला बरं वाटलं. म्हणजे त्यातही माझं काही जमलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने द्वारकाचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. आधीच ठरलेलं होतं. मी मनातल्या मनात त्याला दोनदा ओवाळलं. निघताना द्वारका स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिने त्या औषधाचं नाव मराठीत लिहून, मध्ये मध्ये बारीक उभ्या रेघा मारून त्याचे अकरा तुकडे केले होते, म्हणजे मला वाचायला सोपं. शिवाय बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधून ठेवलाय म्हणाली, ओळखायला. एवढं केल्यावर कोणाही शहाण्या बाईने काय केलं असतं? मी काय केलं ते ऐक. "मला पाठ आहे हो," असं हसून म्हटलं, आणि ती टांग्यात बसायला वळली तशी चिठ्ठी चुलीत घातली. रेघा मारून द्यायला मी काय बालवर्गात आहे? मराठी चौथी मीही पास झालेली आहे, आणि माझा नंबर दुसरा होता. (पहिला नंबर आलेली मुलगी मास्तरांची भाची होती.)

दुपारी गोळी घेऊन बसले. पाठ होतं, खरंच पाठ होतं, वीस वेळा तरी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या जिभेने ते उचलणं वेगळं. पॅरापर्यंत गेले आणि पुढे सगळी अक्षरं एकदम दारात गर्दी करून अडकली. म्हटलं, म्हातारीला काय कळतंय, आणि जमेल तेवढं इंग्रजीसारखं तोंड करून ठणकावून म्हटलं, "पॅराफिनोबेंझामाइड." सासूबाईंचा अंगठा सातव्या पेराशी येऊन थांबला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थोरले, चार पेरं कुठं ऱ्हायली?" मी म्हटलं, उन्हाने आटली असतील. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. संध्याकाळी मी भरपाई म्हणून चौदा पेरांचं नाव रचून गेले. तेही नाकारलं. त्या दिवशी दुपारची, संध्याकाळची, झोपतानाची, तिन्ही गोळ्या बाटलीतच राहिल्या, आणि पायाची लाली घोटा सोडून वर सरकली. मत्सर एकीकडे आणि म्हातारीचा पाय एकीकडे, हे मला तेव्हाही कळत होतं, उगीच तू मला दगडाच्या काळजाची समजू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि मिठाच्या कचेरीतल्या कारकुनांकडे बाटली घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि ते नाव असं झरझर म्हटलं की माझ्या कानाला फक्त वारा लागला. पुन्हा म्हणा म्हटलं तर पुन्हा तेवढ्याच वेगाने, पण या वेळी वेगळं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाले, बाई, हे शास्त्रीय आहे, ते बायकांनी म्हणायचं नसतं. मी म्हटलं, आमच्या द्वारकाला येतं. बाळाराम, तिचं नाव मी अशा कौतुकाने कचेरीत घेतलं! घेतलं आणि घरी येईपर्यंत स्वतःचाच राग राग केला.

शेवटी पावली ती उत्तनची सबीना. सबीना म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येते ती, गळ्यात क्रूस, डोक्यावर पाटी, आणि तोंडाचा पट्टा अखंड. मी परतले तेवढ्यात ती ओट्यावर टेकली आणि माझा चेहरा बघून काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं (चिठ्ठीचं सोडून). सबीना लहानपणी पादऱ्यांच्या शाळेत गेलेली आहे, तिला इंग्रजी अक्षरं लागतात. बाटली हातात धरून ओठ हलवत ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बाय, आख्खा घास घशात कोंबशील तं अडकंलच ना. तुकडे कर." तिच्या देवळात म्हणे सगळी प्रार्थना लॅटिन भाषेत असते. अर्थ तिच्या आजीलाही ठाऊक नव्हता आणि तिलाही नाही, पण लांबच लांब शब्द तुकडे करून जिभेवर बसवलेले आहेत, एकही तुकडा इकडचा तिकडे होत नाही. तिने पाटीतले सुके बोंबील काढून ओट्यावर ओळीने मांडले. हा पॅ, हा रा, हा अ. मि आणि नो जुळे, त्यांना जवळ ठेवलं. बेन् मोठा, झीन लांबट, सल् वाकडा, फो, ना, आणि शेवटचा माइड सगळ्यांत जाडजूड. एका बोंबलाला बोट लावायचं, त्याचं नाव घ्यायचं, मग पुढच्याकडे जायचं. मी अडखळले की ती तो बोंबील उचलून माझ्या नाकासमोर धरायची. तासाभरात मला असं यायला लागलं की उलट्या क्रमानेही म्हटलं असतं. अकराही बोंबील मी विकत घेतले, कारण शिकवणीला काहीतरी द्यायला हवं. (तुझे दाजी जेवताना शेपटीकडून खायला लागले, तर मी अभावितपणे म्हणाले, आधी पॅ खा.)

दुपारी सासूबाईंसमोर बसले. पदर खांद्यावरून घेतला, द्वारका घेते तसाच. आणि म्हटलं. एकेक तुकडा सुटा, स्वच्छ, आणि शेवटचा माइड तर असा लांबवला की बाहेर विरजण मागायला आलेली बाई थांबली. सासूबाईंचा अंगठा अकराव्या पेरावर गेला. बाराव्यावर त्यांनी आ केला. त्या आनंदात मी पाण्याचा तांब्या नैवेद्यासारखा दोन्ही हातांनी पुढे केला. मी वाट बघितली. काहीतरी म्हणतील, निदान हुं तरी म्हणतील. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "धाकटी पोचली का गं वसईला नीट?"

आता सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस? मी ताडकन उठले, औषधाच्या कोनाड्याशी गेले, आणि द्वारकाने तिथे लावून ठेवलेली सगळी मांडणी मोडून काढली. बाटल्या पुसल्या, फडकं बदललं, सगळं माझ्या पद्धतीने लावलं. आणि तो लाल दोरा कात्रीने कापून टाकला. मला नाव येतं, आता दोरे कशाला हवेत? याच कोनाड्यात तुझ्या दाजींच्या पोटाच्या गोळ्यांची बाटली असते. जेवणावर एक घेतली की त्यांना ढेकर येतो आणि मग ते माणसात येतात. त्याही गोळ्या पांढऱ्या, बाटली तेवढीच, आणि वर तशीच मुंग्यांची रांग.

तुला कळलं असेल. मला दोन दिवस कळलं नाही. दिवसातून चार वेळा मी अकरा पेरांचं नाव असं म्हणत होते की ऐकणाऱ्याने हात जोडावे, आणि त्याखाली सासूबाईंना देत होते ढेकराची गोळी. सासूबाई मोठमोठे ढेकर द्यायला लागल्या. मी मनात म्हटलं, गुण येतोय. शेजारणी म्हणाल्या, थोरलीच्या हाताला यश दिसतंय. मी त्या वाक्यावर दोन दिवस जगले, बाळाराम, दुसरं काही गोड लागलं नाही. पण लाली गुडघ्याला जाऊन भिडली, ताप चढला, आणि इकडे तुझे दाजी पोटावर हात फिरवत घरभर फिरायला लागले की, दोन दिवस झाले, एक ढेकर नाही, गोळी कडू लागते, मळमळतं, हे औषध नासलं आहे. बाटली परत करायला म्हणून ती त्यांनी ओट्यावर आणून ठेवली. सबीना तिथेच बसली होती. तिने ती उचलली, अक्षरं लावली, आणि मला हाक मारली. "न्हाय गो बाय, ढेकराचं ह्यो न्हाय. ह्यो तर आपला बोंबलांचा हाय."

मी ओट्यावरच बसले. सबीनानेच धर्माभावोजींना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर आले, पाय बघितला, काही न बोलता बाटली बघितली, तुझ्या दाजींची जीभ बघितली (त्यांना काही झालं नाही, पण ते दोन दिवस कोणी विचारलं की मरता मरता वाचलो असं सांगत होते), आणि नवं दहा दिवसांचं औषध सुरू करून गेले. आणखी एक दिवस गेला असता तर पाय कापावा लागला असता, असं जाताना धर्माभावोजींना म्हणाले. मला म्हणाले नाहीत, म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं, सगळं. वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील, आणि काढलंच पाहिजे. त्या हळूच म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर मला मुलगी होती, सोनी नाव, तीन वर्षांची. तिला खोकला झाला तेव्हा दोन बाटल्या आणल्या होत्या, एक प्यायची, एक छातीला चोळायची. घरात कोणाला वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने चोळायची पाजली. सोनी दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून त्या नाव विचारतात. नाव सांगणाऱ्याने बाटली वाचली आहे, एवढंच त्यांना हवं असतं, नाव लांब आहे का आखूड याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि मी काय केलं होतं? बाटली न वाचता नुसतं नाव पाठ केलं होतं, आणि इतकं छान पाठ केलं होतं की त्या फसल्या.

मी रडले, ते तुला सांगायला नको. पण रडता रडता, बाळाराम, माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी विचारलं की हे द्वारकाला ठाऊक आहे का. त्या म्हणाल्या, हो, पहिल्याच दिवाळीत सांगितलं. माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. एकोणीस वर्षं मी त्यांचे पाय चेपले, मला नाही, आणि तिला पहिल्या दिवाळीत! मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी माझा हात धरला (एकोणीस वर्षांत पहिल्यांदा) आणि म्हणाल्या, तिला इंग्रजी वाचता येतं म्हणून तिला सांगितलं, डोळे उघडे ठेवायला. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू प्रत्येक बाटलीला हात लावताना मेली असतीस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून नाही सांगितलं. अजून मला द्वारकाचा राग येतो, फक्त आता तो येताना जरा लाजतो.

पाय आता उतरला आहे. काल सासूबाई काठी घेऊन अंगणापर्यंत आल्या. औषध मीच देते, दोन्ही बाटल्यांना दोरे बांधले आहेत, एक लाल, एक हिरवा, आणि तुझ्या दाजींच्या गोळ्या आता माजघरात नाहीत, गोठ्यात आहेत. तुला जमलं तर येताना हिरव्या बांगड्या दोन डझन आण, इथे कासार पंधरवड्यात फिरकला नाही. बाकी काही नको. भावजयबाईंना आशीर्वाद.

तुझी
चांगुणाताई

ता. क. : बांगड्या राहू देत. खरं मागायचं होतं ते वेगळंच, पण तुला लिहायला जीभ रेटेना (हाताला जीभ नसते, हे मला कळतं). मला इंग्रजी अक्षरांचं पुस्तक पाठव, चित्रांचं, अगदी पहिलं. तुला इंग्रजी शाळेत घातलं त्या वर्षी मला शाळेतून काढलं, कारण तुला सांभाळायला आणि डबा पोचवायला कोणीतरी हवं होतं. मी शाळेच्या दारात डबा घेऊन उभी राहायचे आणि आतून तुमचं ए बी सी ऐकायचे. तेव्हा मला तुझा राग यायचा, आज सांगते. मला डॉक्टर व्हायचं नाही, फक्त बाटली वाचायची आहे. सबीना म्हणते, मासळी विकून झाली की रोज चार अक्षरं देईन.

ता. क. दुसरा : वसईहून आजच निरोप आला, द्वारकाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. चिठ्ठी मी चुलीत घातली, हे तिला पत्राने कळवलं आहे, आणि डिंकाचे लाडू धर्माभावोजींबरोबर पाठवले आहेत. तिच्या आईच्या लाडवांपेक्षा माझे चांगले झाले आहेत. कोणी वसईला भेटलं तर विचारून बघ.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करत होते तेवढ्यात सासूबाई आल्या आणि एवढा वेळ काय लिहितेस म्हणाल्या. मी पुस्तकाचं तेवढं वाचून दाखवलं. त्या ओट्यावर बसल्या, बराच वेळ काठीने जमिनीवर काहीतरी ओढत राहिल्या, मग म्हणाल्या, "दोन मागव." दुसरं कोणाला हे विचारायचं धैर्य मला झालं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. उठताना परत वळून म्हणाल्या, "धाकटीला इतक्यात नको सांगू." बाळाराम, सासूबाईंच्या मनातलं असं काहीतरी आता या घरात फक्त मला ठाऊक आहे! तेव्हा दोन पुस्तकं पाठव, त्यांचं जरा मोठ्या अक्षरांचं. पण दोन्ही एकदम टपालात टाकू नकोस. मोजण्यात, ऐकण्यात, लक्षात ठेवण्यात त्या माझ्या पुढे आहेत, हे मी या महिन्यात बघितलं आहे. माझं पुस्तक चार दिवस आधी पोचेल असं कर.